एकीसारखी दुसरी नाही

"आधी दार लाव, वाफ चालली!" सासूबाई ओरडल्या. मी टाचेनं दार लोटलं. हात मोकळे कुठे होते? मोडक्या खुर्च्यांच्या पायांपासून केलेला टोप्यांचा स्टँड मी वॉर्निश वाळायच्या आधीच उचलून आणला होता आणि तो आता माझ्या बाहीला चिकटला होता.

सासूबाईंनी किटलीच्या तोंडाशी धरलेली टोपी बाजूला घेतली, तिची कड अंगठ्यानं दाबून डावीकडे वर वळवली आणि टोपी मुठीवर चढवून माझ्यासमोर नाचवली.

"ही शेवटची. परवापासून डोक्यात घोळत होती. अशी टोपी मी जन्मात केली नव्हती. कशी आहे?"

मी पाहिलं आणि स्टँड तसाच कवटाळून उभी राहिले.

बाटलीसारखं गडद हिरवं लोकरी कापड, जुन्या कोटाचं. डावीकडे वर वळवलेली कड. त्या कडेवर जुन्या पिशव्यांच्या चेनी उसवून, त्यांचे पितळी दाते एकाला एक लावून केलेलं लांबट पान. हीच टोपी, अगदी हीच टोपी त्यांनी मागच्या थंडीत दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी केली होती. पान पाहून त्या खळखळून हसल्या होत्या. "मलाच दात बसवून दिलेत की हो," म्हणाल्या होत्या, आणि आम्ही तिघींनी याच टेबलाशी बसून चहा घेतला होता. मला सगळं कालच्यासारखं आठवत होतं. सासूबाईंना आठवत नव्हतं.

"अगं, बोल की. आ वासून काय उभी राहिलीस?"

"छान आहे," मी म्हणाले.

"नुसती छान? गाढवाला गुळाची चव काय!" त्यांनी टोपी पुन्हा वाफेवर धरली. "आणि तो स्टँड खाली ठेव आता. बाळासारखा काय कवटाळून बसलीस?"

आता आमच्या सासूबाई कशा आहेत ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, दोन टोप्या सारख्या झाल्या तर एवढं काय आभाळ कोसळलं? सासूबाई टोप्या करतात. टाकाऊ कपड्यांतून, फाटक्या छत्र्यांतून, पडद्यांच्या झालरींतून, कुणाच्या तरी मेलेल्या आजोबांच्या टायमधून. ज्या डोक्यासाठी टोपी करायची ते डोकं त्या आधी हातानं चाचपतात, टेप लावत नाहीत. आणि एकदा डोक्याला हात लावला, की त्या माणसाला अहो-जाहो करत नाहीत, मग तो न्यायाधीश का असेना. केलेली टोपी पुन्हा करायची नाही हा त्यांचा एकच नियम. एका बाईनं मैत्रिणीसारखीच टोपी मागितली, तर तिला त्यांनी चहा पाजून दाराबाहेर काढलं होतं. "बाजारात जा, तिथं एका साच्यातल्या ढिगानं मिळतील," म्हणाल्या. लोक मला गमतीनं म्हणतात, तुझ्या सासूनं सगळ्या गावाला टोप्या घातल्या. घातल्याच आहेत. पण एकीसारखी दुसरी नाही. आजच्या प्रदर्शनासाठी वाचनालयाच्या हॉलच्या दारावर लावायला मी फळी रंगवली होती, तिच्यावरही सासूबाईंनी तेवढंच लिहायला लावलं होतं: 'एकीसारखी दुसरी नाही.' त्यांचं नावसुद्धा नाही. "ओळखतात मला," म्हणाल्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझं सामान म्हणजे करवत, रंधा आणि एक अर्धवट कपाट. लोकांनी फेकून दिलेल्या खुर्च्या, दारं, ड्रॉवर उचलून आणायचे आणि त्यांचं दुसरंच काहीतरी करायचं, हा माझा उद्योग. दुसरी सासू असती तर कपाळाला हात लावला असता. यांनी अर्धी खोली रिकामी करून दिली आणि माझं नाव सुतारीण ठेवलं. वर टोमणा आहेच: "तुझ्या टेबलाला निदान चार पाय तरी सारखे लागतात. माझं तसं नसतं, बाई."

तर अशा बाईनं केलेली टोपी पुन्हा केली होती. विसरून. आणि भरीला भर म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन करकरून सांगितलं होतं, की प्रदर्शनाला येताना आपापल्या टोप्या घालून या. डॉक्टरीणबाई संध्याकाळी ती टोपी घालून हॉलमध्ये शिरणार, समोर स्टँडवर तिचीच बहीण, आणि सगळ्या गावासमोर सासूबाईंच्या तोंडाला काळं. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

मी मागच्या पडवीत जाऊन नवऱ्याला फोन लावला. तो कामावर होता, मागे यंत्रं घरघरत होती.

"अरे, आईंनी डॉक्टरीणबाईंची टोपी परत केलीय."

"परत केली? का, आवडली नाही त्यांना?"

"परत म्हणजे पुन्हा! तीच टोपी पुन्हा बनवली. आणि म्हणतायत, जन्मात केली नव्हती."

तो म्हणाला, "अगं, होतं असं. वय झालंय. मी नाही का चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत?"

"तू शोधतोस तरी. त्या शोधतच नाहीयेत."

"तू उगाच राईचा पर्वत करतेस. संध्याकाळी आलो की बघू."

संध्याकाळी बघू! संध्याकाळपर्यंत तर पर्वत कोसळायचा होता. मी फोन ठेवला आणि वॉर्निशचा डबा उचलला. माझा विचार साधा होता. हिरवी टोपी टेबलाच्या कडेला, मी घाईत, हातात डबा, पाय अडखळला. मी धांदरट आहेच, कुणाला नवल वाटलं नसतं. शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय मिटला असता.

टेबलापाशी गेले. सासूबाई पाठमोऱ्या होत्या, पेटीतून सुई शोधत होत्या. टोपी समोर होती. झाकण काढलेलं होतं. आणि माझा हात काही केल्या कलंडेना. त्या पानाच्या टोकाला त्यांनी शेवटचा दाता किंचित तिरका लावला होता, वारा आल्यासारखा. मला आठवेना, पहिल्या टोपीतही तो तसाच तिरका होता का. मी बघत राहिले.

"ते डबडं लांब ठेव," सासूबाई मागे न वळता म्हणाल्या. "वास येतोय मला. काही सांडलंस तर तंगडं मोडीन."

झालं. डबा गेला पडवीत. मी "खिळे आणते" म्हणून बाहेर पडले आणि थेट बस पकडली. बसमध्ये जागा होती तरी मला बसवेना. दांडा धरून उभी राहिले आणि प्रत्येक स्टॉपवर चढणाऱ्या माणसावर मनातल्या मनात चिडत राहिले.

दवाखान्यात गाल धरून बसलेली माणसं ओळीनं होती. मदतनीस मुलगी म्हणाली, "नंबर लागेल." मी म्हणाले, "माझे दात धड आहेत, डोकं ठिकाणावर नाही, त्यांना सांग." आतून डॉक्टरीणबाईंनी माझा आवाज ओळखला असावा. हातमोजे काढत त्या बाहेर आल्या आणि मला मागच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं एक खुर्ची, एक कपाट आणि हात धुवायचं भांडं. मी उभ्या उभ्याच सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तर आज ती टोपी घालू नका. एवढंच. हात जोडते."

त्यांनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर हिरवी टोपी होती. शेजारी अजून एक हिरवी टोपी होती. दोन्हींवर पितळी पान.

मी खुर्चीत बसले.

"मध्यंतरी त्या स्वतः आल्या होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणाल्या, तुझ्यासाठी काहीतरी वेगळं केलंय, बघ. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलेसुद्धा. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर त्या वाट बघत होत्या. मी म्हटलं, फार सुंदर आहे."

"आणि मला सांगायचं नाही?" माझा आवाज चढला. बाहेर गाल धरून बसलेल्यांनीही तो ऐकला असणार. "एकाच गावात राहतो आपण! फोन नाही तुमच्याकडे?"

"दोनदा फोन हातात घेतला. काय सांगू? तुमच्या सासूबाईंनी मला भेट दिली, म्हणून तक्रार करू?" त्यांनी टोप्या नीट ठेवून कपाट लावलं. "मी आज बोडकीच येते. पण अहो, आज झाकलंत. उद्याचं काय?"

"उद्याचं उद्या."

"असं नाही हो चालत. त्यांना दाखवायला हवं कुणालातरी. लवकर."

"दाखवू. पण आज नाही. आज त्यांचा दिवस आहे," मी म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. रागाचं की कशाचं, कुणास ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी कापूस पुढे केला. त्यांच्याकडे तोच होता.

घरी आले तर सासूबाईंनी सगळ्या टोप्या खोक्यांत भरल्या होत्या. माझा शेवटचा डाव म्हणजे हिरवी टोपी घरीच 'विसरायची'. ते खोकं मी हळूच पडद्यामागे सारलं. टॅक्सी आली, सामान चढलं, मी दाराला कुलूप लावतेय तोवर सासूबाई पुन्हा आत गेल्या आणि ते खोकं घेऊन बाहेर आल्या.

"तुझं लक्ष कुठंय आज? हीच विसरली होतीस बघ," त्या म्हणाल्या. "हल्ली फार विसरतेस तू, सुतारणी."

त्यांनी ते खोकं वाटभर मांडीवर धरलं.

हॉलमध्ये मात्र सगळं साजरं झालं. माझे स्टँड चांगले दिसत होते, मी स्वतः म्हणते. जुन्या ड्रॉवरांची बाकं केली होती त्यांवर लोक बसले. छत्रीच्या काळ्या कापडाची पंखांवाली टोपी घालून न्यायाधीश आले, पडद्याच्या झालरीची घालून गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. सासूबाई एकेकाच्या डोक्याशी जाऊन टोपी सरळ करत होत्या. "अशी नाही रे घालायची, किती वेळा सांगू? कपाळ दिसू दे. चांगलं कपाळ दिलंय देवानं." न्यायाधीश मुकाट्यानं मान खाली घालून उभे. नवराही वेळेवर आला, मला कानात म्हणाला, "बघ, किती खुशीत आहे आई. तू उगीच." मी त्याला कोपरानं ढोसलं.

मी हिरवी टोपी मागच्या स्टँडवर, खांबाच्या आड लावली होती. सासूबाईंनी ती उचलून दारासमोरच्या स्टँडवर लावली. मी पुन्हा मागे नेली. त्यांनी पुन्हा पुढे आणली. मी पायाला भिंगरी लागल्यासारखी नुसती फिरत होते.

डॉक्टरीणबाई आल्या. बोडक्या. सासूबाईंनी त्यांना दारातच गाठलं.

"हे गं काय? सगळ्यांना सांगितलं होतं ना टोपी घालून या म्हणून? तुला मी केली होती की एक."

"हो, ती... ती धुवायला टाकलीय."

मी डोळे मिटून घेतले. शिकल्यासवरलेल्या बाईला दुसरं काही सुचू नये?

"धुवायला! लोकरीची टोपी धुवायला! अगं, आटून आटून बोटाएवढी होईल ती!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आजूबाजूचे हसले. "थांब. उचलली जीभ लावली टाळ्याला. ये इकडे. तुला दुसरी देते. बघ, ही घाल, अशी तू बघितलीच नसशील."

आणि त्यांनी समोरच्या स्टँडवरची हिरवी टोपी डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर ठेवली.

टोपी अशी बसली, की बस. दुसऱ्याच्या डोक्यासाठी केलेली टोपी आधी थोडी हलते, मग माणूस ती दाबतो, सरकवतो. ही हलली नाही. सासूबाईंची बोटं कड सरळ करायला गेली होती, ती तिथंच थांबली. सरळ करण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांनी टोपी काढली, उलटी केली आणि आत हात घातला. उजव्या बाजूला, कानामागे येईल अशा जागी अस्तराखाली कापसाची छोटी गादी शिवलेली होती. ती मी सकाळपासून पाहिली नव्हती, मी फक्त बाहेरूनच बघत होते. प्रदर्शनाच्या टोप्यांना अशी गादी कधीच नसते. कुणाचं डोकं आहे ते कळल्याशिवाय ती शिवणार कशी?

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंच्या केसांत बोटं घातली, उजव्या कानामागे. लहानपणी डॉक्टरीणबाई पायरीवरून पडल्या होत्या, तिथं हाडाला खळगा आहे. सासूबाईंची बोटं त्या खळग्यात अलगद बसली.

"ही तुझीच आहे," त्या म्हणाल्या. अगदी हळू. "ही मी तुला केलीय आधी."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं उत्तर पुरेसं होतं. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, आई. सकाळपासून."

"म्हणून ते वॉर्निशचं डबडं?"

"हो."

"मग सांडायचं होतंस की."

"हात झाला नाही."

"वा गं सुतारणी. दुसऱ्यांच्या खुर्च्या तोडताना बरा होतो." त्यांनी टोपीत हात घालून गादी पुन्हा चाचपली. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "एकच आहे ना? की अजूनही दिल्यात?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मी मान खाली घातली. काय उपयोग होता आता?

"अजून एक," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी मान डोलावली, दोनतीनदा, कुणी रस्ता समजावून सांगत असावं तशी. नवरा पुढे आला, "आई, बस जरा," म्हणाला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि हॉलच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना टाळी वाजवावी लागली नाही. त्या उभ्या राहिल्या की लोक आपोआप गप्प होतात.

"ही टोपी विकायची नाही," त्यांनी टोपी वर धरली. "ही मी आधी केलेली आहे. एकदा नाही. माझ्या लक्षात राहिलं नाही."

मागे कुणीतरी हसलं, त्याला थट्टा वाटली असावी. मग तेही थांबलं.

"अजून कुणाची अशी झाली असेल तर मला सांगा. लाजू नका. वाईट मला वाटायचं तेवढं वाटेल, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

न्यायाधीशांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग गाणं शिकवणाऱ्या बाईंनी काढली, मग इतरांनी. का काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सासूबाई चिडल्या. "घाला त्या परत! काय चाललंय? मी मेले नाही अजून. आणि त्या टोप्या हातात धरायला केल्या नाहीत मी." लोकांनी घाईघाईनं पुन्हा घातल्या, काहींनी उलट्यासुलट्या. मग सासूबाईंना पुन्हा एकेकाची सरळ करावी लागली.

त्या दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी वरची फळी काढायला हात उंच केला. पुरेना. मी पळत गेले, "राहू द्या आई, बाकीच्या टोप्यांचं काही खोटं नाही," म्हणाले.

"मला कुठे ठाऊक आहे, खोटं आहे की नाही?" त्या म्हणाल्या. "तुलाही नाही. काढ."

मी फळी काढली. त्यांनी ती हातात घेऊन पालथी केली, बोटानं वाजवून पाहिली. "चांगलं लाकूड आहे. तुझ्या एखाद्या बाकाला लाव." आणि माझ्या हातात देऊन त्या चहा घ्यायला गेल्या.

हॉल बंद झाला तेव्हा अजून उजेड होता. टोप्या तिथंच राहायच्या होत्या, प्रदर्शन पुढचे काही दिवस चालणार होतं. नवरा किल्ली द्यायला थांबला. सासूबाई म्हणाल्या, टॅक्सी नको, पायी जाऊ, डोकं जड झालंय. मी फळी काखेत मारून निघाले. त्या माझ्यापुढे चालत होत्या, झपझप, नेहमीसारख्या. त्यांच्या चालीला गाठायचं म्हणजे मला पळावं लागतं. वाटेत त्यांनी दोनदा मागे वळून मला हाक मारली, "चल की गं, किती रेंगाळतेस?" मला बरं वाटलं. वाटलं, शिव्या देतायत तोवर सगळं ठीक आहे.

वाण्याच्या दुकानापुढे रस्ता फुटतो. एक आमच्या घराकडे, एक खाली गोदामांकडे. या वळणावरून त्या लग्न झाल्यापासून जातायत, माझ्या जन्माच्या आधीपासून.

सासूबाई तिथं थांबल्या. दोन्ही रस्त्यांकडे पाहिलं. मग मान खाली घालून कोटाचं वरचं बटण लावायला लागल्या. बटण लावलेलंच होतं. त्यांनी ते काढलं आणि पुन्हा लावलं, हळूहळू.

मी मागून आले. त्यांच्या शेजारून पुढे झाले आणि डावीकडे वळले.

त्या माझ्या मागून आल्या.